‘आमचा हक्क’: डेमेरारातल्या गुलामांचा १८२३चा उठाव आणि त्यानंतरची शंभर वर्षं

१८ ऑगस्ट १८२३च्या संध्याकाळी डेमेरारा वसाहतीचा गव्हर्नर जॉन मरे घोड्यावरून समुद्रकाठच्या रस्त्याने निघाला. वाटेत एका मळ्याजवळ हत्यारं घेतलेल्या गुलामांच्या जमावाने त्याला अडवलं. काय हवंय तुम्हाला, असं त्याने विचारलं. ‘आमचा हक्क,’ असं उत्तर आलं. लंडनहून काही सूचना आल्या आहेत, बायकांना फटके मारणं बंद होणार आहे, शेतात चाबूक नेता येणार नाही, अशी समजूत तो घालू लागला. त्यावर त्या लोकांनी त्याला सांगितलं की, असल्या गोष्टींनी आमचं समाधान होत नाही. गोऱ्यांचं आणि आमचं रक्तमांस देवाने एकच घडवलंय, त्यांची गुलामी करून आम्ही थकलो, राजाने आम्हाला मोकळं करायचा हुकूम धाडलाय आणि यापुढे आम्ही काम करणार नाही. हे बोलणं मरेने स्वतःच लंडनला पाठवलेल्या अहवालात लिहून ठेवलं, म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतं.

जगातल्या गुलामांच्या उठावांचा विषय निघाला की पहिलं नाव हैतीचं येतं. ते योग्यच आहे, कारण तिथे गुलामांनी राज्यच उलथवलं. डेमेराराचा उठाव मात्र अवघ्या दोन-तीन दिवसांत चिरडला गेला. तरीही मी हे प्रकरण निवडलं आहे, कारण त्याचा एक धागा ब्रिटिश साम्राज्यातली गुलामगिरी संपवणाऱ्या कायद्यापर्यंत जातो आणि दुसरा थेट कलकत्त्याच्या बंदरापर्यंत येतो. दोन्ही धाग्यांच्या मुळाशी एकच मालक आहे.

जमीन, मळे आणि माणसं

डेमेरारा म्हणजे आजच्या गयाना देशाचा भाग, दक्षिण अमेरिकेचा उत्तर किनारा. आधी ही वसाहत डचांची होती. १८०३मध्ये ब्रिटिशांनी ती घेतली आणि १८१४मध्ये करारानेच ती त्यांच्याकडे आली. किनाऱ्याची जमीन भरतीच्या पातळीपेक्षा खाली आहे. कोकणातल्या खारजमिनीसारखी, पण मैलोन्‌मैल पसरलेली. समुद्राच्या बाजूला बांध, मागे दलदल अडवणारा दुसरा बांध आणि मधे कालवे, चर, पाणी सोडायच्या झडपा. मळे म्हणजे समुद्रापासून आत जाणाऱ्या लांबट पट्ट्या, एकाला एक लागून. हे बांध, कालवे, चर सगळे गुलामांनी कंबरभर चिखलात उभं राहून खणलेले. इथे नुसती शेती करायलाही आधी जमीन समुद्राकडून हिसकावून घ्यावी लागते. ती कोणी हिसकावली हे लक्षात ठेवलं, तर पुढे जमिनीची मागणी का आली ते कळतं.

१८२०च्या सुमाराला डेमेरारा आणि शेजारच्या एसेक्विबोत मिळून सुमारे ७५ हजार गुलाम होते आणि गोरे जेमतेम काही हजार. कापूस आणि कॉफी मागे पडून ऊस पुढे येत होता. ऊस म्हटला की काम वाढलं. तोडणीच्या हंगामात चरक आणि भट्ट्या रात्री उशिरापर्यंत चालत, आणि मुकादमाच्या हातात चाबूक असे.

वसाहतीची राजधानी जॉर्जटाऊन. तिच्या पूर्वेच्या किनाऱ्यावर ‘सक्सेस’ नावाचा मळा होता. मालक जॉन ग्लॅडस्टन, लिव्हरपूलचा बडा व्यापारी. पुढे चार वेळा ब्रिटनचा पंतप्रधान झालेल्या विल्यम ग्लॅडस्टनचा हा बाप. डेमेरारात तो कधी पाऊलही ठेवायला गेला नाही. त्याचा मुखत्यार पत्रं लिहून कळवी की तुमचे गुलाम सुखात आहेत, आणि त्याचा त्यावर विश्वास बसे.

याच मळ्यावर क्वामिना हा मुख्य सुतार होता. आफ्रिकेतून लहानपणी आईबरोबर पकडून आणलेला. शांत, कष्टाळू, आजूबाजूच्या मळ्यांत मान असलेला माणूस. त्याचा मुलगा जॅक त्याच मळ्यावर साखरेची पिंपं बांधायचं काम करी. गुलामाला आडनाव मालकाचं, म्हणून तो जॅक ग्लॅडस्टन.

शेजारच्या ‘ले रेसुवेनिर’ मळ्यावर लंडन मिशनरी सोसायटीचं बेथेल चर्च होतं. १८१७मध्ये तिथे जॉन स्मिथ नावाचा तरुण मिशनरी आला. पहिल्याच भेटीत गव्हर्नर मरेने त्याला बजावलं की, एका जरी काळ्याला वाचायला शिकवलंस तर वसाहतीतून हाकलून देईन. क्वामिना या चर्चचा डीकन होता, म्हणजे मंडळींतला जबाबदार, विश्वासू माणूस. चर्च या लोकांसाठी प्रार्थनेपुरतं नव्हतं. वेगवेगळ्या मळ्यांवरच्या माणसांना उघडपणे एकत्र येता येईल अशी ती एकमेव जागा होती. मळेवाल्यांना ते कळत होतं. म्हणूनच रविवारी मुद्दाम काम लावायचं, चर्चला जायला मालकाची चिठ्ठी मागायची, हे चालू होतं. १८२३च्या मे महिन्यात गव्हर्नरने चिठ्ठीचा नियम पुन्हा जारी केला, तो नेमका आग भडकायच्या आधी.

एक प्रसंग स्मिथच्या नोंदींतून कळतो. १८२२मध्ये क्वामिनाची बायको पेगी आजारी पडली. तिच्याजवळ थांबायची सवलत त्याला मिळाली नाही. दिवसभर कामावर राहावं लागलं आणि रात्री घरी आला तेव्हा ती गेलेली होती. उठावाची कारणं सांगताना इतिहासकार साखरेचे भाव, कामाचे तास, चर्चवरची बंधनं मांडतात आणि ते सगळं खरंच आहे. पण क्वामिनासारखा संयमी माणूस कशाने बदलला असेल हे समजायला मला ही एक रात्र पुरेशी वाटते.

बातमी आली, पण दाबून ठेवली

मे १८२३मध्ये लंडनच्या संसदेत टॉमस फॉवेल बक्स्टन यांनी गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा ठराव मांडला. सरकारतर्फे जॉर्ज कॅनिंगने त्याला सौम्य पर्याय दिला. गुलामांची स्थिती ‘सुधारायची’ आणि मुक्ती नंतर, केव्हातरी, मालकांचं हित सांभाळून. त्याप्रमाणे वसाहतमंत्री लॉर्ड बाथर्स्टने सूचना धाडल्या. स्त्रियांना फटके मारू नका, शेतात चाबूक वापरू नका. ७ जुलैला त्या डेमेरारात पोचल्या.

गव्हर्नर आणि वसाहतीचं मंडळ यांनी बैठका घेतल्या, पण जाहीर काहीच केलं नाही. घरात मात्र बोलणं चालूच होतं. मळेवाले जेवणाच्या टेबलावर लंडनला शिव्या घालत आणि मागे उभे असलेले नोकर ऐकत. गव्हर्नरच्या घरातल्या नोकराकरवीच बातमी पूर्व किनाऱ्यावर पोचली. राजाने काहीतरी चांगलं धाडलंय आणि आपले मालक ते दडवून ठेवताहेत, अशी ती बातमी होती.

मळेवाल्यांनी नंतर याला अफवा म्हटलं. मला ते पटत नाही. कागद खरोखर आला होता आणि खरोखर दडवला गेला होता. फक्त त्या कागदात मुक्ती नव्हती. दडवलेल्या कागदात काय असेल याचा अंदाज माणूस आपल्याला जे सर्वांत जास्त हवं असतं त्यावरूनच बांधतो. सरकारने जुलैमध्येच ते जाहीर केलं असतं तर उठाव टळला असता का, हे सांगणं कठीण आहे. पण गप्प बसून त्यांनी सुतारांच्या आणि पिंपवाल्यांच्या हाती एक कायदेशीर मुद्दा दिला. आम्ही राजाविरुद्ध नाही, राजाचा हुकूम न पाळणाऱ्यांविरुद्ध आहोत.

रविवारची बैठक, सोमवारची रात्र

१७ ऑगस्टच्या रविवारी प्रार्थना झाल्यावर ‘सक्सेस’ मळ्यावर बैठक झाली. नंतरच्या साक्षींवरून बापलेकांचे मार्ग वेगळे दिसतात. क्वामिना सबुरीचा होता. थांबावं, किंवा सगळ्यांनी मिळून काम बंद करावं, असं त्याचं म्हणणं. जॅक आणि बाकीचे तरुण थांबायला तयार नव्हते. शेवटी ठरलं ते असं: सोमवारी संध्याकाळी एकाच वेळी सगळ्या मळ्यांवर मॅनेजर आणि देखरेखवाल्यांना पकडायचं, त्यांच्या बंदुका काढून घ्यायच्या, त्यांना खोड्यात अडकवायचं, पण जीव घ्यायचा नाही. मग गव्हर्नरसमोर हक्काची गोष्ट करायची.

बेत पुरता गुप्त राहिला नाही. सोमवारी सकाळीच एका नोकराने मालकाला सांगितलं, मालकाने गव्हर्नरला. तरीही त्या रात्री शंख फुंकले गेले आणि किनाऱ्यावरचे पन्नासहून अधिक मळे उठले. सहभागी झालेल्यांचा आकडा साधारण दहा ते बारा हजारांच्या घरात जातो. हातात तलवारी, कोयते, थोड्याशा बंदुका. आयुष्यभर ज्या खोड्यात आपले पाय अडकले, त्यात मॅनेजरचे पाय अडकवायची संधी मिळाली आणि बहुतेकांनी तेवढ्यावरच हात आवरला. हजारो माणसं, वर्षांनुवर्षांचा राग, पूर्ण रात्र आणि मेलेले गोरे दोन-तीन. हा आकडा मी पुन्हा पुन्हा वाचतो. याला शिस्त म्हणायचं नाही तर काय म्हणायचं? काही ठिकाणी तर कोंडलेल्या मॅनेजरांकडून, आम्हाला नीट वागवलं असं लिहून घेतलं होतं.

१९ तारखेला लष्करी कायदा पुकारला गेला. २० तारखेला सकाळी ‘बॅचलर्स अॅडव्हेंचर’ नावाच्या मळ्यापाशी लेफ्टनंट कर्नल लेही आपल्या तुकडीसह उभा राहिला. समोर दोन हजारांवर लोक. त्याने विचारलं, काय पाहिजे? कोणी म्हणालं, आठवड्यातले तीन दिवस आमचे स्वतःचे आणि चर्चसाठी रविवार. कोणी जमीन मागितली. कोणी म्हणालं, मुक्ती. म्हणजे एकाच जमावात तीन पायऱ्यांच्या मागण्या होत्या आणि त्यांचं बोलणंही सुरू होतं. लेहीने हत्यारं टाकायला सांगितलं. लोक हलले नाहीत. मग गोळीबार झाला. शंभर ते दीडशे माणसं तिथेच पडली. सैनिकांपैकी एक-दोघांना जखमा झाल्या.

पुढचे काही आठवडे फौज मळ्यामळ्यावर फिरत होती. जागच्या जागी चौकशी, जागच्या जागी फाशी किंवा गोळी. रीतसर म्हणवल्या गेलेल्या खटल्यांत ७२ जणांवर आरोप ठेवले गेले, ५१ जणांना मृत्युदंड सुनावला, ३३ जणांचा अंमलात आला. काहींना हजार फटक्यांची शिक्षा झाली. धडावेगळी केलेली डोकी रस्त्याकडेला खांबांवर लावली. सगळे मिळून दोनशेहून अधिक लोक मारले गेले.

क्वामिना जंगलात पळाला होता. त्याने कोणावर हत्यार उचलल्याचा पुरावा नाही. १६ सप्टेंबरला त्याला शोधून गोळी घातली आणि त्याचं प्रेत साखळदंडांत बांधून ‘सक्सेस’ मळ्यासमोर रस्त्यावर टांगलं. तिथून रोज कामाला जाणाऱ्यांना ते दिसावं म्हणून. जॅकला मात्र मारलं नाही, त्याला सेंट लुशिया बेटावर हद्दपार केलं.

मिशनऱ्याचा खटला

मळेवाल्यांना खरा गुन्हेगार हवा होता आणि त्यांच्या मते गुलाम एवढा विचार करूच शकत नाही. म्हणून बोट स्मिथकडे वळलं. लष्करी कायद्याखाली १३ ऑक्टोबरपासून २४ नोव्हेंबरपर्यंत त्याच्यावर खटला चालला. मुख्य आरोप असा की १७ ऑगस्टला क्वामिनाने त्याला कुजबुज सांगितली होती आणि त्याने ती सरकारला कळवली नाही. त्याने क्वामिनाला संयम ठेवायला सांगितलं होतं, हे बाजूला पडलं. फाशीची शिक्षा झाली, सोबत दयेची शिफारस. निर्णय लंडनवर सोपवला. स्मिथला क्षय होता. कोंदट तुरुंगात ६ फेब्रुवारी १८२४ला तो मेला. शिक्षा बदलल्याचा राजाचा कागद त्यानंतर पोचला.

अंत्यविधीबद्दलही सरकार धास्तावलं होतं. पहाटे चारला, अंधारात पुरायचं ठरलं. त्याची बायको जेन हिला प्रेतामागून चालायला मनाई केली. तेव्हा ती आणि एक मैत्रीण, कंदील धरलेल्या एका स्वतंत्र काळ्या माणसाबरोबर आधीच कबरीपाशी जाऊन थांबल्या. पुढे चर्चमधल्या एका सुताराने आणि गवंड्याने कबरीला विटांचा कट्टा आणि कठडा करायला घेतला. अधिकाऱ्यांनी तो पाडून टाकला.

ब्रिटनमध्ये यावरून काहूर उठलं. १ जून १८२४ला हेन्री ब्रूअमने संसदेत निषेधाचा ठराव मांडला. तो १४६ विरुद्ध १९३ मतांनी पडला, पण दोन दिवसांच्या त्या चर्चेने गुलामीची बाजू घेणाऱ्यांचा नूर उतरवला. त्याच वर्षी लेस्टरच्या एलिझाबेथ हेरिक यांनी टप्प्याटप्प्याची भाषा सोडून मुक्ती आत्ताच द्या अशी मागणी छापली, आणि गावोगावच्या स्त्रियांच्या मंडळांनी ती उचलली.

इथे एक गोष्ट मला स्पष्ट लिहायची आहे. स्मिथ भला माणूस होता आणि त्याच्यावर घोर अन्याय झाला. पण ब्रिटनने ‘डेमेराराचा हुतात्मा’ हे नाव एका आजाऱ्याला दिलं, आणि मारल्या गेलेल्या दोनशे जणांना नाही. क्वामिनाच्या टांगलेल्या प्रेतावर संसदेत ठराव आला नाही. जनमत हललं ते गोऱ्या धर्मोपदेशकाच्या मरणाने. आणि तरीही, तो तुरुंगात गेला तो क्वामिना आणि जॅकच्या लोकांनी केलेल्या बंडामुळे. कारण आणि निमित्त यांत निमित्ताचा पुतळा झाला. जॉर्जटाऊनमध्ये ही चूक खूप नंतर थोडी दुरुस्त झाली. गव्हर्नर मरेच्या नावाचा रस्ता १९८५मध्ये क्वामिनाच्या नावाचा झाला.

मुक्ती आली, भरपाई मालकांना

१८३१च्या नाताळात जमैकात हीच गोष्ट कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडली. तिथेही पुढारी सॅम्युएल शार्प हा चर्चचा डीकन, तिथेही राजाने मुक्ती दिल्याची समजूत, तिथेही आधी काम बंद. तीनशेहून अधिक जणांना देहदंड झाला, शार्पला १८३२च्या मे महिन्यात फाशी. आता लंडनला कळून चुकलं की थांबणं जास्त महागात पडणार. १८३३मध्ये कायदा झाला आणि १ ऑगस्ट १८३४ला गुलामगिरी संपली.

संपली, पण कशी? सहा वर्षांवरच्या सगळ्यांना ‘उमेदवारी’च्या नावाखाली जुन्याच मालकाकडे बिनपगारी राबायचं होतं. भरपाई म्हणून दोन कोटी पौंड दिले गेले, तेही मालकांना. जॉन ग्लॅडस्टनला २,५०८ माणसांबद्दल १,०६,७६९ पौंड मिळाले. ज्यांनी राबून मळे उभे केले त्यांना छदाम नाही. एसेक्विबोच्या किनाऱ्यावर याविरुद्ध लोक एका चर्चच्या आवारात जमले, त्यांनी निशाण उभारलं, कोणाला बोट लावलं नाही. त्यांच्यातल्या डेमन नावाच्या माणसाला १३ ऑक्टोबर १८३४ला फाशी दिली. कायद्याने गुलामगिरी संपून तेव्हा अडीच महिनेही झाले नव्हते.

उमेदवारी १ ऑगस्ट १८३८ला बंद पडली. पुढच्याच वर्षी पाच मळ्यांवरच्या ८३ माणसांनी आपापली बचत एकत्र करून पूर्व किनाऱ्यावरचा ‘नॉर्थब्रुक’ मळा ३०,००० गिल्डरला विकत घेतला. नाणी ढकलगाडीतून नेली म्हणतात. तीन दिवस आपले, थोडी जमीन आपली, हे लेहीसमोर मागितलं होतं ते या लोकांनी पैसे मोजून मिळवलं. या एका व्यवहाराबद्दल मला जेवढं वाचावंसं वाटतं तेवढं संसदेतल्या कुठल्याही भाषणाबद्दल वाटत नाही.

कलकत्त्याकडे गेलेलं पत्र

मळेवाल्यांना हे चालणार नव्हतं. मजूर मोकळा झाला की मजुरी मागतो, पटलं नाही तर निघून जातो. जॉन ग्लॅडस्टनने ही अडचण आधीच ओळखली होती. ४ जानेवारी १८३६ला त्याने कलकत्त्याच्या गिलँडर्स, आर्बथनॉट कंपनीला पत्र लिहून आपल्या मळ्यांसाठी मजूर मागितले. कंपनीने उत्तर दिलं की छोटा नागपूरकडचे डोंगरी लोक मिळतील. माणसापेक्षा माकडाच्या जवळचे, धर्म नाही, शिक्षण नाही, खाणं-पिणं-झोपणं यापलीकडे गरजा नाहीत, असं त्यांचं वर्णन त्या उत्तरात आहे. बारा वर्षांपूर्वी डेमेरारातल्या मळेवाल्यांना क्वामिनाच्या लोकांबद्दल काय वाटत होतं, ते आठवावं.

‘व्हिटबी’ आणि ‘हेस्पेरस’ ही दोन जहाजं जानेवारी १८३८मध्ये कलकत्त्याहून निघाली आणि ५ मेला डेमेरारात पोचली. जिवंत उतरले ३९६. त्यांतले काही ग्लॅडस्टनच्याच ‘फ्रीड-एन-होप’ मळ्यावर गेले. थोड्याच महिन्यांत मारहाणीच्या, आजाराच्या, पळून गेलेल्यांच्या तक्रारी बाहेर आल्या आणि भरती काही वर्षं थांबवावी लागली. पाच वर्षांचा करार संपला तेव्हा २३६ परतले, ६० तिथेच राहिले, ९८ मेले होते आणि दोघांचा पत्ता लागला नाही.

१८४५ला भरती पुन्हा सुरू झाली. १९१७पर्यंत सुमारे २ लाख ३९ हजार भारतीय ब्रिटिश गयानात नेले गेले. त्यांना आणण्याच्या खर्चाचा भाग वसाहतीच्या तिजोरीतून गेला, म्हणजे मुक्त झालेल्यांनी भरलेल्या करांतूनही. १८४२मध्ये मजुरी कमी केल्यावर मुक्त मजुरांनी संप करून मळेवाल्यांना नमवलं होतं. १८४८च्या संपात ते जमलं नाही. बाहेरून आणलेले करारबद्ध मजूर शेतात उभे होते. त्यांना काम सोडलं तर तुरुंगात टाकायची सोय कायद्यातच होती. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण भारतातून गेलेल्या माणसांचा उपयोग क्वामिनाच्या नातवंडांचा हात पिरगळायला केला गेला, हे भारतीय वाचकाने नजर न चुकवता पाहायला हवं. गयानात आजही मतदान बरंचसं या दोन समाजांच्या रेषेवर होतं, आणि १९६०च्या दशकात तिथे या दोघांत रक्तपात झाला. ती रेषा मळेवाल्यांनी मजुरीच्या हिशेबाने आखलेली आहे.

१८३३च्या त्याच कायद्याने मॉरिशसमधली गुलामगिरीही संपली आणि तिथल्या उसाच्या मळ्यांवर माणसं गेली त्यांत मुंबई बंदरातून निघालेली, रत्नागिरी भागातली मराठी कुटुंबं होती. त्यांची मुळं शोधताना आपण कोकणातल्या दुष्काळाकडे, कर्जाकडे, दलालांकडे पाहतो. त्यांच्याआधी त्या शेतांत कोण होतं आणि ते का नाहीसं झालं, हेही त्याच शोधात यायला हवं.

गिरमिटाची, म्हणजे करारबद्ध मजुरीची, पद्धत बंद करावी असा ठराव ४ मार्च १९१२ला कलकत्त्याच्या कायदेमंडळात गोपाळ कृष्ण गोखले यांनी मांडला. ते स्वतः रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले. ही पद्धत फसवणुकीवर उभी आहे आणि जबरदस्तीवर टिकून आहे, असं त्यांनी सरकारला तोंडावर सांगितलं. ठराव सरकारी मतांनी पडला. भरती थांबली ती १९१७मध्ये, गोखले गेल्यानंतर दोन वर्षांनी.

ऑगस्ट २०२३मध्ये उठावाला दोनशे वर्षं झाली तेव्हा जॉन ग्लॅडस्टनचे काही वंशज जॉर्जटाऊनला आले आणि गयाना विद्यापीठात त्यांनी माफी मागितली, गुलामगिरीबद्दल आणि गिरमिटाबद्दलही. नुकसानभरपाईच्या मागणीवर ब्रिटिश सरकारने अजून होकार दिलेला नाही.